स्पर्धात्मक ब्रिज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे डुप्लिकेट ब्रिजच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीला धरून दिली आहेत. अलर्ट (विशेष अर्थाच्या बोलीबद्दल प्रतिस्पर्ध्यांना सावध करणे), स्क्रीन (टेबलावरचा पडदा) आणि वेळमर्यादा यांबाबत आयोजकांना स्वतःचे नियम करण्याची मुभा असते, त्यामुळे स्पर्धेचे नियमपत्रक आधी वाचून घ्यावे. 'हात' हा शब्द येथे सर्वत्र चार पानांच्या एका फेरीसाठी वापरला आहे.

१. आम्ही घरी ब्रिज खेळतो. स्पर्धेत वेगळे काय असते?

स्पर्धेत केवळ चांगली पाने आली म्हणून कोणी जिंकत नाही. एकदा वाटलेली पाने बोर्ड नावाच्या चार कप्प्यांच्या साधनात जशीच्या तशी ठेवून पुढच्या टेबलावर पाठवली जातात, आणि तुमची तुलना समोरच्या प्रतिस्पर्ध्यांशी न होता, तीच पाने घेऊन त्याच दिशेला बसलेल्या इतर टेबलांवरच्या जोड्यांशी होते. म्हणूनच पाने टेबलाच्या मध्यभागी गोळा करत नाहीत. प्रत्येक जण आपले पान आपल्यासमोर टाकतो आणि हात पूर्ण झाल्यावर ते पालथे ठेवतो: जिंकलेल्या हाताचे पान भिडूच्या दिशेने उभे, गमावलेल्या हाताचे आडवे. किती हात झाले यावर चौघांचे एकमत होईपर्यंत ही रांग मोडू नये, कारण वाद झाल्यास डायरेक्टर (स्पर्धेचा पंच) तीच तपासतो आणि जो आधीच पाने मिसळून टाकतो त्याची बाजू लंगडी पडते. रबरही (दोन गेम जिंकेपर्यंत चालणारी घरगुती गुणपद्धत) येथे नसते. पार्टस्कोअरचा (गेमपेक्षा लहान यशस्वी बोलीचा) ५० चा, गेमचा (१०० किंवा अधिक गुणांच्या यशस्वी बोलीचा) ३०० चा आणि व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही वाढलेल्या स्थितीत) असताना गेमचा ५०० चा बोनस त्या-त्या डावातच मिळतो. डीलर (पहिली बोली देणारा) कोण आणि व्हल्नरेबल कोण हे बोर्डावरच छापलेले असते.

२. पेअर्स आणि टीम्स यांत गुण कसे मोजतात?

पेअर्समध्ये सहसा मॅचपॉइंट असतात. तुमच्याच दिशेने ती पाने खेळलेल्या प्रत्येक जोडीपेक्षा सरस स्कोअर केल्यास २ गुण आणि बरोबरी झाल्यास १ गुण मिळतो. किती फरकाने सरस ठरलात याला महत्त्व नसते. समजा दहा टेबलांपैकी आठ जोड्यांनी चार इस्पिक (इस्पिक हुकूम धरून सहाच्या वर चार, म्हणजे दहा हात करण्याची बोली) बरोबर करून ४२० मिळवले, एका जोडीने त्यातच अकरा हात करून ४५० मिळवले आणि तुम्ही तीन नो ट्रम्पमध्ये (हुकमाविना नऊ हातांची बोली) दहा हात करून ४३० मिळवले. तुम्हाला १८ पैकी १६ गुण मिळतात, आणि तेही केवळ दहाच्या फरकावर.

टीम्समध्ये तुमच्या संघाची दुसरी जोडी दुसऱ्या टेबलावर तीच पाने उलट दिशेने खेळते. दोन्ही टेबलांवरच्या स्कोअरमधील फरकाचे रूपांतर आयएमपीमध्ये (इंटरनॅशनल मॅच पॉइंट) होते. तेथे दहाच्या फरकाला शून्य, २० ते ४० ला १, ४३० ते ४९० ला १० आणि ४,००० पासून पुढे कितीही फरक असला तरी २४ आयएमपी मिळतात.

३. मग गुणपद्धतीप्रमाणे खेळही बदलावा का?

अवश्य बदलावा. टीम्समध्ये डिक्लेअररने (बोली जिंकलेल्या बाजूच्या दोन्ही हातची पाने खेळणाऱ्याने) पहिला विचार काँट्रॅक्ट (बोलीने ठरलेली हातांची संख्या) वाचवण्याचा करावा: जादा हात साधारण एका आयएमपीचा असतो, तर बुडालेला गेम दहा-बारा आयएमपींना पडतो. त्यामुळे एखादा हात सोडून देऊन वाईट वाटपापासून बचाव करणारी सुरक्षित खेळी तेथे योग्यच असते. मॅचपॉइंटमध्ये तोच जादा हात अर्ध्या टेबलांना मागे टाकू शकतो, म्हणून तेथे बाकीच्या टेबलांवर काय घडत असेल याचा अंदाज घेऊनच धोका पत्करायचा की नाही ते ठरते.

बोलीतही हाच हिशोब चालतो. व्हल्नरेबल असताना तुम्ही चार इस्पिक बोलून केलेत, तर ६२० मिळतात. दुसऱ्या टेबलावर गेम न बोलता तेच दहा हात झाले तर १७०. फरक ४५०, म्हणजे १० आयएमपींचा फायदा. एक हात कमी पडला तर तुमचे उणे १०० आणि त्यांचे १४०, फरक २४०, म्हणजे ६ आयएमपींचे नुकसान. याचाच अर्थ असा की साधारण ३८ टक्के संधी असली तरी व्हल्नरेबल गेम बोलणे परवडते. नॉन-व्हल्नरेबल असताना हा उंबरठा सुमारे ४५ टक्क्यांवर जातो. मॅचपॉइंटमध्ये मात्र निम्म्याहून अधिक संधी असेल तरच बोलावे, हा साधा निकष पुरतो.

४. मिचेल, हॉवेल, स्विस हे काय प्रकार आहेत?

मिचेलमध्ये उत्तर-दक्षिण जोड्या जागेवर बसून राहतात, पूर्व-पश्चिम जोड्या एका दिशेने आणि बोर्ड उलट दिशेने सरकतात. टेबले कमी असतील तर हॉवेल वापरतात. त्यात बहुतेक सर्व जोड्या फिरतात आणि एकच विजेता ठरतो. स्विसमध्ये प्रत्येक फेरीनंतर जवळपास सारखे गुण असलेल्यांची गाठ घालून देतात.

५. पानांच्या वाटपाच्या शक्यता पाठ कराव्या लागतात का?

मोजक्या चार-पाच पुरतात. प्रतिस्पर्ध्यांकडे एखाद्या रंगाची पाच पाने असतील, तर ती ६८ टक्के वेळा ३-२ असतात. सहा पाने असतील तर ३-३ फक्त ३६ टक्के आणि ४-२ सुमारे ४८ टक्के वेळा असतात. चार पाने असतील तर ३-१ जवळपास ५० टक्के आणि २-२ सुमारे ४१ टक्के वेळा. दोनच पाने असतील तर ती १-१ असण्याची शक्यता ५२ टक्के असते.

आकड्यांपेक्षा संधी जोडण्याची सवय अधिक उपयोगी पडते. दोन वेगवेगळ्या रंगांतील फिनेसपैकी (प्रतिस्पर्ध्याचे मोठे पान सोयीच्या बाजूला आहे असे धरून लहान पानाने हात काढण्याची खेळी) कोणताही एक यशस्वी होऊन भागणार असेल, तर ५० टक्क्यांच्या जागी ७५ टक्के संधी हाती येते. अट इतकीच की पहिला फिनेस फसल्यावर दुसरा करून पाहण्याइतका अवधी शिल्लक असला पाहिजे.

एक अपवाद मात्र नीट समजून घेण्याजोगा आहे. डमीत (डिक्लेअररच्या भिडूच्या उघड्या मांडलेल्या पानांत) एक्का, राजा, दहा, नव्वी आणि एक लहान पान आहे, तुमच्या हातात त्याच रंगाची चार लहान पाने आहेत, आणि राणी व गुलाम बाहेर आहेत. एक्का खेळल्यावर उजवीकडच्या खेळाडूने राणी टाकली. पुढच्या वेळी राजा खेळून गुलाम पडेल अशी आशा करावी, की दहाचा फिनेस घ्यावा? फिनेस घ्यावा, तो जवळपास दुप्पट वेळा यशस्वी होतो. त्या खेळाडूकडे राणी आणि गुलाम दोन्ही असते, तर निम्म्या वेळा त्याने गुलाम टाकला असता. एकटी राणी असेल तेव्हा मात्र त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. बऱ्याच अनुभवी खेळाडूंनाही हे पटायला वेळ लागतो.

६. तीन नो ट्रम्पमध्ये उतारीच्या रंगातला एक्का लगेच घ्यावा की दाबून ठेवावा?

समजा तुम्ही दक्षिणेला आहात. पश्चिमेने इस्पिकची उतारी केली आहे (हाताचे पहिले पान इस्पिकचे खेळले आहे), तुमच्याकडे एक्का, अठ्ठी, पंजी आणि डमीत सत्ती, चव्वी आहे. नऊ हात होण्यासाठी चौकटचा रंग लावायचा आहे, आणि डमीत त्याचे एक्का, राणी, गुलाम, दहा असल्यामुळे फिनेस फसलाच तर राजा पूर्वेचा पडेल. येथे इस्पिक दोनदा सोडून तिसऱ्या वेळी एक्का घ्यावा. बाहेरची आठ इस्पिके ५-३ वाटलेली असतील तर पूर्वेकडची तोवर संपतात, आणि चौकटचा राजा मिळूनही त्याला पश्चिमेची इस्पिके चालू करता येत नाहीत. ४-४ असतील तर पूर्वेकडे एक उरते, पण प्रतिस्पर्ध्यांचे इस्पिकचे तीन आणि चौकटचा एक असे चारच हात होतात. किती वेळा सोडावे यासाठी सातचा नियम आहे: तुमची आणि डमीची मिळून त्या रंगाची पाने सातातून वजा करावीत, येथे पाच पाने आहेत, म्हणून दोनदा.

फिनेस पश्चिमेच्या हाती जाणार असेल तर या संयमाचा उपयोग नाही. दुसऱ्या एखाद्या रंगात तुम्ही त्याहून उघडे असाल, तर एक्का दाबून ठेवणे अंगलटही येऊ शकते.

७. बिडिंग बॉक्समधून चुकीचे कार्ड निघाले. बदलता येईल का?

हात घसरला असेल तर येईल; मन बदलले असेल तर येणार नाही. बिडिंग बॉक्समधून (बोलीची छापील कार्डे ठेवलेल्या पेटीतून) एक इस्पिक काढताना त्याला चिकटलेले दुसरे कार्ड बाहेर आले, तर भिडूने पुढची बोली देण्यापूर्वी, लक्षात येताच आणि विचारासाठी न थांबता ते बदलता येते. चूक कशामुळे लक्षात आली हा मुद्दा गौण आहे. पण कार्ड काढताना तेच काढायचे तुमच्या मनात होते आणि क्षणभराने ते चुकीचे वाटले, तर या तरतुदीचा आधार घेता येत नाही.

८. आमची बोलीपद्धत प्रतिस्पर्ध्यांना कितपत सांगावी लागते?

पूर्णपणे सांगावी लागते. गुपित करार ब्रिजमध्ये निषिद्ध आहेत. कृत्रिम किंवा अनपेक्षित अर्थाच्या बोलीला भिडूने अलर्ट द्यायचा, विचारल्यावर करार सांगायचा आणि दोघांचे सारखेच भरलेले कन्व्हेन्शन कार्ड (बोलीपद्धतीचा तक्ता) टेबलावर ठेवायचे. लिखित नसलेले पण सरावाने ठरून गेलेले संकेतही यात मोडतात. 'नॅचरल आहे' (बोललेला रंग खरोखरच हातात आहे) असे एका शब्दात उरकू नये. मोठ्या पानांच्या गुणांची (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) मर्यादा आणि रंगातील पानांची संख्या सांगावी. मात्र करार नसेल तर 'आमचे काही ठरलेले नाही' एवढेच म्हणावे. 'मी याचा अर्थ असा घेतो आहे' असे म्हणू नये, कारण त्यामुळे तुमच्या भिडूलाच नको ती माहिती मिळते.

९. भिडूने खूप विचार करून पास दिला. आता मी बोलू शकतो का?

आमच्याकडे सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, आणि बहुतेक गैरसमजही यातच आहेत.

पहिली गोष्ट, भिडूने विचार केला यात त्याचा काहीही अपराध नाही. ब्रिज हा विचार करण्याचा खेळ आहे. बंधन येते ते तुमच्यावर, कारण भिडूकडून माहिती मिळण्याचे वैध मार्ग दोनच आहेत: त्याची बोली आणि त्याने टाकलेले पान. लागलेला वेळ, सूर, उसासा, कार्ड ठेवण्याची पद्धत, विचारलेला प्रश्न, यांतून जे कळते ती अनधिकृत माहिती होय.

नियम असा की समोर एकाहून अधिक तर्कसंगत पर्याय असतील, तर त्यांपैकी भिडूच्या विलंबाने स्पष्टपणे सुचवलेला पर्याय निवडता येत नाही. तुमच्याच दर्जाच्या आणि तीच पद्धत खेळणाऱ्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांनी ज्याचा गंभीरपणे विचार केला असता आणि काहींनी जो निवडला असता, तो पर्याय तर्कसंगत.

उदाहरण घेऊ. तुम्ही एक इस्पिक बोललात, डावीकडून थेट चार बदाम आले, भिडूने बराच वेळ घेऊन पास दिला आणि उजवीकडूनही पास आला. तुमच्याकडे सहा इस्पिके आणि १३ गुण आहेत. भिडूच्या विलंबावरून त्याच्याकडे काहीतरी आहे हे उघड आहे, आणि त्यामुळे चार इस्पिक बोलणे सोपे होते. पण या पानांवर कित्येक जण पास देतील, म्हणून तुम्हालाही पासच द्यावा लागतो. याउलट तुमच्याकडे आठ भक्कम इस्पिके असतील आणि बदामाचे एकही पान नसेल, तर पास देणारा क्वचितच सापडेल. तेथे खुशाल बोलावे. विलंब झाला म्हणून मूर्खासारखे वागण्याची सक्ती कोणी करत नाही.

'मी तसेही बोललोच असतो' हा युक्तिवाद चालत नाही. तो खोटा असतो असे नव्हे, पण त्याची शहानिशा करता येत नाही. डायरेक्टर त्यामुळे तीच पाने इतर खेळाडूंना दाखवून, विलंबाचा उल्लेख न करता, ते काय बोलतील हे विचारतो. स्कोअर बदलला गेला तरी तो तुमच्या सचोटीवरचा शेरा नसतो. हेच तत्त्व सावकाश दिलेल्या डबललाही (प्रतिस्पर्ध्यांच्या बोलीचे गुण-दंड वाढवणारी घोषणा) लागू होते: तो डबल काढून दुसरी बोली देण्याचे आमंत्रण ठरतो, आणि ते आमंत्रण स्वीकारण्यास तुम्हाला मनाई असते.

१०. मग प्रतिस्पर्ध्याच्या विलंबावरून मी अंदाज बांधू शकतो का? आणि मुद्दाम थांबून त्याला फसवू शकतो का?

अंदाज बांधू शकता, पण स्वतःच्या जबाबदारीवर. मुद्दाम फसवू शकत नाही. हातात त्या रंगाचे एकच पान असताना विचार केल्याचा आव आणणे हा सरळसरळ नियमभंग आहे. पानाने फसवणे मात्र पूर्णपणे वैध, किंबहुना वाखाणण्याजोगे आहे: राणी-गुलाम दोन्ही असताना अनपेक्षित पान टाकून डिक्लेअररला चकवणे ही कलाच आहे. मात्र टाकताना वेग नेहमीचाच ठेवावा.

११. भिडूने माझ्या बोलीचा चुकीचा अर्थ सांगितला. मी तेव्हाच दुरुस्त करू का?

बोली सुरू असताना अजिबात नाही. चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नये, आणि त्याचे स्पष्टीकरण ऐकलेच नाही असे समजून पुढची बोली द्यावी; कारण त्याने काय समजून घेतले ही तुमच्यासाठी अनधिकृत माहिती आहे (प्रश्न ९ पाहा). पुढे मार्ग वेगळे होतात. तुमची बाजू डिक्लेअररची असेल, तर बोली संपल्यावर आणि उतारीपूर्वी डायरेक्टरला बोलावून दुरुस्ती करावी. तुम्ही बचाव करत असाल, तर डाव पूर्ण होईपर्यंत गप्प राहावे आणि मग लगेच सांगावे, अन्यथा तुमची दुरुस्ती भिडूला मदत करेल.

स्पष्टीकरण बरोबर होते आणि बोली देताना तुम्हीच करार विसरला होतात, तर दुरुस्त करण्यासारखे काही उरतच नाही. प्रतिस्पर्ध्यांचा हक्क तुमचा करार जाणण्याचा आहे, तुमच्या हातातली पाने जाणण्याचा नव्हे. शंका असेल तेथे डायरेक्टर स्पष्टीकरणच चुकले असे गृहीत धरतो, म्हणून करार लिहून ठेवलेला बरा.

१२. डायरेक्टरला बोलावले की समोरची मंडळी नाराज होतात. आपसांत मिटवू नये का?

मिटवू नये. आपसांत केलेली तडजोड हमखास चुकीची असते आणि तिचा परिणाम ती पाने खेळणाऱ्या प्रत्येक जोडीच्या गुणांवर होतो. 'डायरेक्टर, प्लीज' असे शांतपणे म्हणावे आणि तो येईपर्यंत चौघांनीही काही करू नये.

१३. चुकीच्या खेळाडूने पहिली उतारी केली तर?

पहिली उतारी पालथी ठेवण्याची पद्धत याचसाठी आहे: पान उलटण्यापूर्वी चूक लक्षात आली तर डायरेक्टरच्या सूचनेने ते परत घेता येते. पान उघडे पडले असेल तर डिक्लेअररपुढे पाच पर्याय असतात. ती उतारी स्वीकारून डमी पाहावी. किंवा स्वीकारून स्वतःची पाने पसरावीत आणि भिडूला डिक्लेअरर करावे. किंवा योग्य खेळाडूला त्याच रंगाची उतारी करायला लावावी. किंवा त्या रंगाला मनाई करावी. किंवा त्याला मोकळीक देऊन ते पान दंडाचे पान (पहिल्या वैध संधीला खेळावेच लागणारे पान) म्हणून टेबलावर उघडे राहू द्यावे. नवखे खेळाडू घाईने पहिला पर्याय घेतात; पाचही ऐकून घेण्याचा तुमचा हक्क आहे.

१४. रिव्होकचा दंड एक हाताचा की दोन?

रंग असूनही तो न देणे म्हणजे रिव्होक. चूक करणाऱ्या बाजूने पुढच्या हातात पान खेळले की ती पक्की होते. त्याआधी लक्षात आली तर दुरुस्त करावीच लागते. पक्की झाल्यावर, ज्याने रिव्होक केला त्यानेच तो हात जिंकला असेल आणि त्याच्या बाजूने नंतर आणखी एक तरी हात जिंकला असेल, तर दोन हात द्यावे लागतात. अन्यथा, त्या हातापासून पुढे त्या बाजूने एखादा तरी हात जिंकला असेल तर एक. काहीच जिंकले नसेल तर दंड नाही. डिक्लेअररने रिव्होक केला आणि तो हात डमीच्या पानाने जिंकला, तर तो डिक्लेअररने स्वतः जिंकला असे मानत नाहीत. बाराव्या हातातला रिव्होक पक्का झाला असला, तरी पाने बोर्डात परत जाण्यापूर्वी लक्षात आल्यास तो दुरुस्त करतात. आणि डमीच्या चुकीला ठरावीक दंड नाही. मात्र या सर्वांनंतरही प्रतिस्पर्ध्यांचे झालेले नुकसान भरून निघत नसेल, तर डायरेक्टर त्याहून अधिक देऊ शकतो.

१५. डमीला तोंड उघडण्याची परवानगी कितपत असते?

चूक होण्याआधी ती टाळण्यापुरती. डिक्लेअररने रंग दिला नाही तर 'बदाम नाहीत का?' असे विचारता येते, आणि चुकीच्या बाजूने उतारी होत असेल तर थांबवता येते. घडून गेलेल्या चुकीकडे मात्र डाव संपेपर्यंत लक्ष वेधता येत नाही, आणि डिक्लेअररने सांगण्यापूर्वी पानाला हात लावता येत नाही. डिक्लेअररने फक्त रंगाचे नाव घेतले तर त्या रंगाचे सर्वांत लहान पान खेळले जाते.

१६. 'उरलेले सगळे माझे' म्हणून पाने दाखवली. एक हुकूम बाहेर राहिला होता. हात जाईल का?

बहुधा जाईल. क्लेम करताना उरलेले हात कोणत्या क्रमाने खेळणार हे सांगावे लागते. बाहेरच्या हुकमाचा उल्लेख केला नाही, तो विसरला असण्याची थोडीही शक्यता असली, आणि एखाद्या साध्या खेळीत त्या हुकमाने हात जाऊ शकत असेल, तर तो हात प्रतिस्पर्ध्यांना मिळतो. 'मी काढणारच होतो' हे नंतर सांगून भागत नाही. 'हुकूम काढून मग किलवर' एवढे वाक्य आधी उच्चारले असते तर प्रश्नच आला नसता. न सांगितलेला फिनेसही त्याच कारणाने मानला जात नाही. बचाव करणाऱ्या एका खेळाडूने काही हात सोडून दिले आणि त्याच्या भिडूने तत्काळ हरकत घेतली, तर ते सोडणे झालेच नाही असे धरतात.

१७. हातात काही नसताना मोठी बोली देणे, म्हणजे साइक, हे अप्रामाणिक नाही का?

नाही. भिडूही प्रतिस्पर्ध्यांइतकाच फसत असेल तोवर ते वैध आहे. तुम्ही कोणत्या स्थितीत साइक करता हे भिडूला अनुभवाने कळू लागले, की तो न सांगितलेला करार होतो आणि प्रश्न ८ मधील बंधने लागू होतात. माझ्या मते साइकचा खरा तोटा नैतिक नसून व्यावहारिक आहे: त्यानंतर भिडू तुमच्या खऱ्या बोलीवरही विश्वास ठेवत नाही.

१८. मोठ्या स्पर्धांत टेबलावर आडवा पडदा का असतो?

भिडूंना एकमेकांचा चेहरा दिसू नये म्हणून. १९७५ च्या बर्म्युडा बोल जागतिक स्पर्धेत स्क्रीन वापरण्यास सुरुवात झाली, आणि त्याच स्पर्धेत टेबलाखालून पायाने खुणा केल्याचे प्रकरण उघडकीस आल्याने नंतर टेबलाखालीही अडसर घालण्यात आला. २०१५ मध्ये सामन्यांचे चित्रीकरण पाहून, बोर्ड ट्रेवरून (पडद्याखालून सरकणाऱ्या तबकावरून) काढून कोठे ठेवला जातो यातून भिडूला उतारीचा रंग कळवण्याची युक्ती उलगडली गेली. स्क्रीनचा एक प्रामाणिक फायदाही आहे: ट्रे पलीकडून उशिरा आला तरी विचार कोणी केला हे अनेकदा कळत नाही, त्यामुळे प्रश्न ९ मधील अडचणी पुष्कळ कमी होतात.

१९. मी केलेला रिव्होक कोणाच्याच लक्षात आला नाही. तो स्वतःहून सांगणे बंधनकारक आहे का?

येथे नियमावली अनेकांना वाटते तितकी कठोर नाही. चूक पक्की होण्यापूर्वी तुमच्या लक्षात आली तर दुरुस्त करावीच लागते. पक्की झाल्यावर स्वतःच्या बाजूची चूक स्वतःहून दाखवण्याचे बंधन नाही. ती लपवण्यास मात्र मनाई आहे, म्हणजे पहिला रिव्होक झाकण्यासाठी दुसरा करणे किंवा पाने घाईने मिसळणे हे गंभीर उल्लंघन ठरते. बरेच खेळाडू तरीही स्वतःहून सांगतात आणि त्यांना तसे करण्यास कोणी अडवत नाही.

दोन बाबतींत मात्र गप्प राहण्याची मुभा नाही. एक, चुकीचे स्पष्टीकरण (प्रश्न ११). दुसरी, हातांची संख्या: तुमच्या बाजूने न जिंकलेला हात तुमच्या खात्यावर लिहिला गेल्याचे तुम्हाला ठाऊक असेल, तर तो स्कोअर तुम्हाला स्वीकारता येत नाही, पुढचा बोर्ड सुरू झालेला असला तरी डायरेक्टरला बोलावून ते सांगावे लागते.